डावखुरी

दर रविवारी दहाला आम्ही गोदामाचं शटर वर ढकलतो.
म्युझियम म्हणायला अजून जीभ वळत नाही.
आत कुळव, वखर, दोन मोटा, चामडं पापडासारखं,
आणि बार्शीकडून टेम्पोत उलटी पडून आलेली एक तिफण.
रजिस्टरात लिहिलंय : देणगीदार, माहीत नाही.
अक्षर माझंच.

नरसय्या बोम्मड्याल मिलमध्ये फिटर होते.
शेत त्यांनी पाहिलंय ते पॅसेंजरच्या खिडकीतून,
पण लोखंड ओळखीचं.
रॉकेलची चिंधी घेऊन फणाचा गंज काढतात,
भोंगा व्हायला अजून खूप वेळ आहे
अशा हातानं.

रियाजकडे सँडपेपर, जवसाचं तेल आणि घाई.
"हे चाडं एका अंगानं झिजलंय की हो.
घासून सारखं करू का?"
खरंच. लाकडी वाटीचा काठ डावीकडे
बोटभर खाली उतरलेला.
वाळवी असेल, मी म्हणालो.
"वाळवी पॉलिश मारून जात नाही," नरसय्या म्हणाले.

नागव्वा हत्तुरे मोटेला टाके घालत होती.
चादरीच्या कारखान्यातून परस्पर येते,
केसांत अजून सुताचा भुगा.
उठली. पदर खोचला.
चाड्यावर मूठ धरली,
डावी.

मनगट त्या खळग्यात जाऊन बसलं.

"जेवताना ह्या हातावर उलथनं खाल्लंय मी.
पेरताना कुणी बोललं नाही.
तास सरळ उगवलं की गप्प बसायची सगळी."
आणि मूठ सैल करून दाखवली,
शाळूला एवढी, करडईला एवढी.
हातात काहीच नव्हतं,
तरी रियाज खाली वाकला
आणि तिन्ही नळ्यांच्या तोंडाशी बघून आला.

"डावखुरा गडीही असेल," नरसय्या म्हणाले.
"मग घाला की तुमचं मनगट."
त्यांनी घातलं. अडकलं.
मिलचं मनगट ते,
काढायला थोडं तेल लागलं.

सँडपेपर घडी होऊन रियाजच्या खिशात गेला.
मी रजिस्टर उघडलं.
'माहीत नाही' खोडता येईना,
कारण नाहीच माहीत
गाव, नाव, कुणाची कोण.
शेजारी जागा होती थोडी.
तिथं लिहिलं : बाई. डावखुरी.

नागव्वानं विचारलं, काय लिहिलंस?
वाचून दाखवलं.
"मनगट बारीक, ते पण लिही," म्हणाली,
आणि मोटेकडे गेली.