डेली कलेक्शन

पुतण्याचा फोन सांगलीहून, सकाळी साडेसातला.
'तात्या, ते अ‍ॅप उघडा. तांबडे चौकोन बघा.
रात्रीचा शो फुल्ल!'
चष्मा पुसून बघितलं. खरंच,
एकही चौकोन पांढरा नव्हता.
'एवढं कोण येणार आहे रे?'
'कोण नाही. आपणच घेतलीत दीडशे.
पहिला शुक्रवार आहे, आकडा दिसावा लागतो.
तुम्ही या. येताना तासगावातनं
कुणी मिळालं तर आणा.'

कुणी मिळालं नाही. बागांच्या छाटण्या चालल्यात.

संग्रामनं दोन वर्षं दाढी वाढवून हा पिक्चर काढला.
पोस्टरवर ठळक लिहिलंय,
'प्रेक्षकांच्या तुफान प्रतिसादात'.
पोस्टर छापून आलं गेल्या महिन्यात.

मी हसलो नाही.
मी कोण हसणार?

मगदुमांच्या टॉकीजला अकरा वर्षं मी खिडकीत होतो.
दस्तगीर मुजावर रिक्षातनं भोंगा लावून फिरायचा,
'शेवटचे दोन दिवस! शेवटचे दोन दिवस!'
पिक्चर लागायचा त्या शुक्रवारपासूनच.
आणि आदगोंडा शेठ पान जमवत सांगायचे,
'रिकाम्या हॉटेलात कोण शिरतंय?
आधी गर्दी दाखवायची,
मग गर्दी येती.'
तर आत छत्तीस डोकी, आणि मी स्टुलावर चढून
हाऊसफुल्लची पाटी अडकवायचो.
पत्र्याची होती, जड.
तांबड्यावर पांढरी अक्षरं, शेवटच्या ल-चा रंग उडालेला.

रात्री डीसीआर भरायचा.
तिकीट नंबर इथून इथवर, करमणूक कर,
निव्वळ, वितरकाचा हिस्सा.
खाली माझी सही, शेजारी कंपनीच्या माणसाची,
जो पेटीबरोबर एस.टी.नं यायचा
आणि जाताना कधी कधी पाकीटही न्यायचा.
पाटी खोटी, भोंगा खोटा,
कागदाचा हिशेब मात्र पैशाला पैसा.

एका शनिवारी मणेराजुरीची बाई आली,
दुधाच्या गाडीतनं, सासूला आणि तीन पोरांना घेऊन.
दोन वीसची दोन आणि पोरांची अर्धी,
सुट्टे पैसे पदराच्या गाठीत मोजून बांधलेले.
पाटी तिला वाचता येत नव्हती,
थोरल्या पोरानं वाचून दाखवली.
तिनं खिडकीत तोंड घालून विचारलं,
'दादा, हुबं राहून बघितलं तर चालंल का?'

आत दोनशेवर खुर्च्या मोकळ्या होत्या.
शेठ माझ्या मागंच बसले होते, कात्रीनं सुपारी कातरत.
मी म्हटलं, 'पाटी लागलीय ना, बाई.'

त्यांनी पायरीवर बसून खारे दाणे खाल्ले,
आतला आवाज ऐकत,
परतीची गाडी येईपर्यंत.
धाकटं पोर मारामारीच्या आवाजावर
हवेतच ठोसे मारत होतं.

त्या रात्री डीसीआरपाशी बराच वेळ बसलो.
विकलेल्याला रकाना होता, फाटलेल्याला होता,
फुकट पासाला होता.
यांना कुठं लिहायचं?

सांगलीचं थिएटर तिसऱ्या मजल्यावर.
गार हवा, लोण्याचा वास,
वडाप जीपचं भाडं निघेल एवढ्याला लाह्यांचा डबा.
आत बसलो आणि जुनी खोड,
अंधार व्हायच्या आत डोकी मोजली.
अकरा.
त्यात संग्राम, त्याची बायको, कॅमेरावाला,
आणि एक जोडपं, ज्याला पिक्चरशी देणंघेणं नव्हतं.
पिक्चर वाईट नाही हो.
विहिरीवरचा एक सीन तर
बघताना लाह्या तोंडातच राहिल्या.
तो सीन दीडशे तांबड्या चौकोनांनी बघितला.

इंटरव्हलनंतर मी खुर्चीवर परत गेलो नाही.
शेवटच्या रांगेमागं, दाराजवळ,
भिंतीला पाठ टेकून थांबलो.
गुडघे बोलत होते. बोलू दिले.
दिसत होतं. सगळं नीट दिसत होतं.

बॅटरीवाला पोरगा दोनदा आला.
'आजोबा, बसा की कुठं पण. सगळं मोकळंच हाय.'

म्हटलं, 'पाटी लागलीय ना, बाबा.'