बेचाळीस, एकाचा आटा

पुढच्या कड्यावरची अक्षरं खाऱ्या हवेनं खाल्लीत.
उरलाय एक उलटा एन
आणि अठ्ठावन्न.
नाव नाही तर नाही, हरेश्वर चोगले म्हणाला,
माणूस कुठल्या गावचा ते चालीवरून कळतं,
भिंग कुठल्या कॅमेऱ्याचं, ते ढुंगणावरून.

हर्णैच्या बंदरावर त्याचं दुकान.
छाती उघडून ठेवलेली आउटबोर्ड इंजिनं,
ग्रीसनं माखलेलं स्टूल,
समोर लिलावाची बोंब, सुरमई बाराशे, बाराशे, साडेबारा,
आणि मी ओढणीच्या टोकात गुंडाळून आणलेलं
याकूबमामूचं काळं, जड भिंग.

त्यानं आधी हात पुसले. दोनदा.
मग ते पालथं धरलं.
नख्या असत्या तर फिरवून बसवायचं, म्हणाला,
पाव फेऱ्यात खट्.
ह्याला नख्या नाहीत, आटे आहेत.
बाटलीच्या झाकणासारखे, पण खानदानी.

व्हर्नियर लावला. बेचाळीस मिलिमीटर, केसभर कमी.
मी लिहून घ्यायला लागले तर म्हणाला, थांब,
बेचाळीसचे दोन असतात.
एकाच्या जागी पाऊणचा चढवून बघ,
दीड फेरा प्रेमानं जातो, मग अडतो.
जोर केलास की दोघंही गेले.
आमच्या धाकट्याचं लग्न तसंच.

खणातून दातेरी पट्ट्यांचा जुडगा काढला,
एकेक पट्टी आट्यांवर टेकवून उजेडाकडे धरली.
पाऊणची बसेना, फटीतून समुद्र दिसला.
एकची बसली.
समुद्र बंद.

मागे एक बारकी पिन होती. सहज दाबली त्यानं,
आणि आत पाती मिटली,
ओहोटीच्या वाळूत पाऊल पडताच
तिसऱ्यांनी ओठ मिटावेत, तशी.
सोडली. पण लगेच उघडली नाहीत.
तेल जमलंय, म्हणाला. वय.
पैसे घेतले नाहीत. बर्फाच्या पावतीमागे लिहून दिलं: ४२ × १.

दापोलीत जालगावकरांच्या बंद स्टुडिओत
त्या मापाची एक बॉडी निघाली, डांबरगोळ्यांच्या वासाची.
लावलं. एक, दोन, तीन, साडेतीन फेरे,
आणि वरची लाल खूण बरोबर बारावर येऊन थांबली.
आत पाहिलं तर बुरशीच्या मुळ्या,
त्यांच्या पलीकडे स्टँडवर एसटी,
तिचा लाल रंग ताकात कालवल्यासारखा.

पण याकूबकडे हा कॅमेरा नव्हताच,
जालगावकर म्हणाले, चष्मा कपाळावर ढकलत.
त्याचा तो दोन डोळ्यांचा डबा,
मान वाकवून वरून बघायचा.
भिंग निघत नाही त्याचं, जन्मात नाही.
रोल मी धुतलेत ना त्याचे.

म्हणजे जहाजावर असताना कुठल्याशा थंड धक्क्यावर
मामूनं ते विकत घेतलं,
किंवा पत्त्यांत जिंकलं,
किंवा कुणी म्हणालं, जरा धर, आलोच.
आणि बत्तीस वर्षं त्यानं कपाटात, मोज्यात घालून,
आपल्या कशालाच न लागणारा आटा सांभाळला.
उरलेला कॅमेरा कुठे असेल?
कुणाच्या गळ्यात,
आंधळा?

संध्याकाळी अम्मीला सांगितलं, बेचाळीस, एकाचा आटा.
ती बांगडे साफ करत होती.
ते होय, म्हणाली,
त्यानं माझ्या तळहातातला शिंगाळ्याचा काटा काढलेला.
उलटं धरून, डोळ्याला लावून.
निकाहच्या आदल्या दिवशी, ओल्या मेंदीतून.
सगळे ओरडत होते, आणि तो
हलू नको, हलू नको.

खवल्यांचा हात तिनं पुढे केला. इथे, बघ.
मला काही दिसेना.
भिंग आणायला उठले,
मग आठवलं, ते दापोलीतच राहिलंय,
त्या बॉडीवर,
साडेतीन फेरे घट्ट.