शेवटचा बाक

सव्वीस प्रशस्तिपत्रं आहेत माझ्याकडे,
पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, शालूच्या खाली.
दर मे महिन्यात पडावजवळच्या त्या हॉलमध्ये
सही करायची, समोसा खायचा,
भोपाळहून आलेल्या साहेबांच्या पडद्यावरचे
बाण वहीत उतरवायचे.
आणि जूनमध्ये पुन्हा सातवी ब,
अपूर्णांक,
आणि माझा तोच आवाज.

यंदा जानेवारीत
दहा वाजले तरी धुक्यातून किल्ला दिसेना,
तेव्हा विज्ञानाच्या भदौरिया बाई म्हणाल्या,
"मैं बैठूँ तुम्हारी क्लास में? बस, पीछे।"
बसल्या. गुडघे मावेनात तरी, शाल गुंडाळून,
नीतू प्रजापतीच्या शेजारी.

मधल्या सुट्टीत गजकच्या कागदावरच्या
पेन्सिलीच्या रेघा दाखवल्या मला.
चाळीस मिनिटांत एकतीस प्रश्न विचारलेस.
सत्तावीसांची उत्तरं तूच दिलीस.
एवढंच. बरं नाही, वाईट नाही.
गजकचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला
आणि घंटा झाली.

राग आला, खोटं कशाला सांगू.
भाकरी थापताना पुटपुटले, ही कोण मोजणारी?
चौथ्या भाकरीला मीच मोजलं:
विचारल्यावर थांबते किती मी?
भाकरी उलटायला लागतो
तेवढासुद्धा वेळ नाही.

दुसऱ्या दिवशी विचारलं, अर्ध्याचं अर्धं किती?
आणि तोंड मिटलं.
एक. दोन.
बाहेर टेम्पोवाला ओरडत होता, हजीरा, हजीरा.
तीन. चार.
पहिल्या बाकावरचा लोकेंद्र हात वर करून
जवळजवळ उभाच राहिला. त्याला नजरेनंच बसवलं.
पाच. जीभ टाळूला धडका देत होती.
सहा
आणि वर्षभर हजेरीपलीकडे न बोललेली नीतू म्हणाली,
"मैडम, किसका आधा?"

उत्तर नव्हतंच ते.
खडू हातात तसाच राहिला.
एकोणीस वर्षं शिकवतेय अपूर्णांक,
कुणी विचारलं नव्हतं हे,
की विचारायला मी जागाच ठेवली नव्हती?

आता दर गुरुवारी मी त्यांच्या वर्गात मागे बसते.
तिथून कळलं,
खिडकीच्या उजेडानं फळ्याचा डावा कोपरा चकाकतो,
आणि सगळ्या आकृत्या त्या तिथेच काढतात.
सांगितलं.
दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी.

सोमवारी पाहिलं तर खिडकीला
जुन्या दुलईचं अस्तर,
चार खिळ्यांवर,
एका बाजूनं जरा लोंबणारं.