कडियाळं

एकटी असली की कस्तुरी सुतासारखी सरळ.
माझा धाकटा नेतो तिला हिरण्यकेशीवर,
हातात नुसता कासरा.
पण मागंपुढं दहा घोड्यांच्या टापा वाजल्या
की तिचं तोंड लोखंड होतं,
आणि शर्यतीनंतर दोन दिवस
मला भाकरी मोडवत नाही.

म्हणून बाजारादिवशी संकेश्वरात,
दस्तगीर शिकलगाराच्या दुकानात.
भिंतभर खिळ्यांना टांगलेली:
पिळाची, साखळीची, दातेरी,
एक तर थेट करवतच.
"हे घातलं की हत्तीबी थांबतंय,"
पोरगा म्हणाला. मी पैसे काढले.

म्हातारा गुडघ्यावर हात देऊन उठला.
दारात तिच्याशी कानडीत काहीबाही बोलला
(अथणीची ती, माझं मराठी अजून तिला परकंच)
आणि ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा आत घातला,
जिथं दात नसतात.
बाहेर आला तो लालसर फेस घेऊन.
"हे कुणी केलंय?"
मी समोरच्या उसाच्या ट्रॉलीकडं बघत राहिलो.

मग फडक्यातून काढलं एक जाड, गुळगुळीत,
मधे एकच सांधा.
"पंधरा दिवस तोंडात काही नको. मग हे.
धरायचं, सोडायचं.
तू नुसतंच धरूलायस."
"आणि नाहीच थांबली तर?"
"एक शर्यत कमी पळ की."

ते खिशात घालून चालतच निघालो.
ती मागं, दोर ढिला.
हमरस्त्यावर कुणाचीतरी घोडागाडी भरधाव गेली.
तिचे कान उभे राहिले.
माझी मूठ त्याआधीच आवळली होती.