शिल्लक

एकोणीस वर्षं रजेचं रजिस्टर मीच भरलं,
भांडुपला, शेगड्यांचे बर्नर बनवणाऱ्या कंपनीत.
हक्काची रजा निळ्या शाईत, किरकोळ काळ्या,
बिनपगारी लाल.
कुणाचं बाळंतपण, कुणाची कावीळ,
प्रेसवरच्या घाडीगावकरचं दर मे महिन्यात
सख्ख्या मावशीचं बारावं.
पाच मावश्या गेल्या त्याच्या.
मोजल्या. बोललो नाही.

माझं पान सगळ्यात शेवटी.
शिल्लक: एकशे सदतीस.

काढलं ते एका ओळीत:
'आपल्या सेवेची आवश्यक्ता राहिलेली नाही.'
चौकशी नाही, नोटीस नाही.
आणि मी काय केलं,
खिशातलं पेन काढून
'आवश्यकता'तला मोडका क सरळ केला,
मग खाली सही.
वकीलबाई अजून चिडतात,
अहो, 'अमान्य' लिहायचं होतं तिथे,
तुम्ही शुद्धलेखन तपासत बसलात!

वांद्र्याच्या कामगार न्यायालयात
कंपनीचे वकील फार मऊ बोलतात.
रजिस्टर कुठंय?
कंपनीकडे.
त्याला तर वाळवी लागली म्हणे.
माझ्या पानाची झेरॉक्स आहे.
अक्षर कुणाचं?
माझं.
म्हणजे तुमचं येणं तुम्हीच लिहिलंत.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

तिथे सुचलं नाही. नंतर जिन्यात सुचलं.
की साहेब, त्यात एक मंगळवार आहे,
धाकटीच्या हनुवटीचे टाके काढले तो.
आत्येभावाच्या विहिरीला पाणी लागलं,
बघायला ये म्हणाला, तो गुरुवार आहे.
मार्चअखेरचे झाडून सगळे शनिवार.
आणि एक दिवस नुसताच,
घरी लोळायचं म्हणून मागितलेला.
मॅनेजर म्हणाले, तुम्ही लोळलात
तर बाकीच्यांच्या रजा कोण मांडणार?
पटलं मला. तेच वाईट.
मी बसून घाडीगावकरची मावशी मांडली,
निळ्या शाईत.

पुढची तारीख एकवीस.
छत्री, फाइल, डबा घेऊन तिसरा मजला चढलो.
दाराला कागद चिकटवलेला:
मा. न्यायाधीश रजेवर.

हक्काची, की किरकोळ?
शिपायाने मान वर केली,
तुम्हाला काय करायचंय, काका?

खरं आहे.
हात तेवढा खिशाशी गेला होता,
दोन पेनांपैकी
कुठलं काढायचं ते ठरेना.