एक अजून वाटेत

तेल लावताना मोजायची सवय मला.
हाताची दहा, पायाची दहा, मग पुन्हा एकदा.
विड्या वळणाऱ्या बाईचा
पहिल्या मोजणीवर विश्वास नसतो,
पंचविसाचा कट्टा बोटांनाच कळतो.
तसंच एका दुपारी बोटांना कळलं:
मणिदीपची डावी बाजू रिकामी.

अंबादास रात्रपाळीहून आला,
कानात अजून मागाची खडखड.
दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं,
तेव्हा शेजारच्या एल्लव्वानंही ऐकलं.
ती म्हणाली, पोटुशी असताना कळशा उचलल्यास ना.
सासूबाईंनी नुसतं पदरानं तोंड पुसलं.

सिव्हिल. केसपेपर. नंबर एकसष्ट.
मुजावर डॉक्टरीणबाईंनी आधी हात चोळले.
गार हात लागला की वर पळतं, म्हणाल्या,
आणि जांघेवरून बोटं सरकवत
एका जागी थांबल्या.
आहे. इथे आहे. वाटेत.

केसपेपरच्या पाठीवर त्यांनी चित्र काढलं:
वर मूत्रपिंडं, त्यांच्या शेजारी दोन दाणे.
जन्म त्यांचा तिथला, पोटातला.
खालून एक दोर त्यांना वाट दाखवतो,
आणि सातव्या महिन्याच्या सुमाराला
जांघेचा बोळ ओलांडून ती पिशवीत उतरतात,
अंगापेक्षा जरा गार जागी.

सातव्या महिन्यात माझं श्रीमंतम झालं होतं.
कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, ओटीत खारका,
मी फोटोसाठी हसत होते
आणि आत एवढा प्रवास चाललेला.
एक उतरलं.
एक बोळात थांबलं.
कळशीचा काही संबंध नाही, हेही विचारून घेतलं.

सहा महिन्यांपर्यंत आपलं आपण येऊ शकतं.
नाही आलं तर वर्षाच्या आत लहानसं ऑपरेशन,
खाली आणायचं, टाक्यानं बसवायचं.

कारखान्यात चेकर कट्टा फोडतो,
बारीक, सैल विड्या बाजूला टाकतो,
त्याला छाट म्हणतात, त्याचे पैसे कापतात.
मी विचारलं, म्हणजे हा छाट नाही?
त्यांना शब्द कळला नाही.
उंबऱ्यापाशी येऊन मीच म्हटलं, नाही.

मे उजाडला. सहा महिने भरले. आलं नाही.
जुलैची तारीख मिळाली आहे.
घरात फरशीवर पाणी ओतून आम्ही झोपतो,
पत्रा रात्रीही निवत नाही,
आणि अंबादास कामावरून आला की
अंगावरची कापसाची तूस झटकतो,
उकाड्यात उभा राहून
हातावर हात चोळतो, बराच वेळ,
मगच पोराला घेतो.