दोनशेचाळीसचं डोकं

टोपी हातात घेऊन रेमंड साल्मेला दारात उभा.
"आयली, गाडी नको. फक्त हेड हवं."
वाटीभर साखर मागावी
तसं मागितलं त्यानं, नव्वद पौंड बीड.

एइनोची सेडान अकरा वर्षं ताडपत्रीखाली.
एका रांगेत सहा सिलिंडर, दोनशेचाळीस घनइंच.
पत्रा गंजून पायाखालची जमीन दिसते,
इंजिन मात्र ठणठणीत.
रेमंडच्या ट्रकात तिचाच थोरला भाऊ, तीनशेचा,
अंगानं दांडगा, चढावर धापा टाकणारा.

एवलेथमधले म्हातारे सांगतात,
धाकट्याचं डोकं थोरल्याच्या धडावर चपखल बसतं,
बोल्टाला बोल्ट, भोकाला भोक.
धाकट्याचे खळगे तेवढे उथळ,
म्हणून तीच हवा जास्त दाटीनं दबते
आणि जोरात उसळते.

मी म्हटलं, सांगोत बापडे. आपण मोजू.

एकतीस वर्षं मी या खाणगावातल्या पोरांना
रसायनशास्त्र शिकवलं.
शाळा बंद झाली तेव्हा एक ब्युरेट
कोणी मागितली नाही,
मीही आठवण करून दिली नाही.

स्वयंपाकघरातलं टेबल. त्यावर जुनी वर्तमानपत्रं.
दोन्ही हेडं उताणी,
बाहेर उणे बावीस, काचांवर आतून बर्फ.
खळग्यावर पारदर्शक पट्टी, कडेला ग्रीस,
पट्टीच्या भोकातून लाल रंगवलेलं रॉकेल
थेंब, थेंब,
शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत.
रेमंड ओणवा, श्वास रोखून,
मागच्या बाकावरच्या पोरासारखा.
मागच्याच बाकावर बसायचा तो.

"वाच."
"सत्तर?"
"डोळा पातळीला आण. बाकाचा तळ वाच, कडा नाही."
"...अडुसष्ट."
त्याच्या ट्रकाचा खळगा: सत्त्याहत्तर.
फरक नऊचा.
चहाचे दोन चमचेही पुरते भरणार नाहीत,
आणि एवढ्यावर म्हणे डोंगर चढता येतो.

पहिला अडुसष्ट. दुसरा अडुसष्ट.
तिसरा एकाहत्तर.
पुन्हा भरला. एकाहत्तर.
काजळी खरवडली तर खाली कानशीचे ओरखडे,
तिरके, डावखुरे.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात झडप तुटली होती.
एइनो म्हणाला, व्हर्जिनियातल्या कारखान्यात देऊन आणलं,
चाळीस डॉलर घेतले मेल्यांनी.
मी चाळीस डॉलर मोजून दिले होते.

आख्ख्या गावात एक डावखुरा फिटर.
मग ते चाळीस कुठे गेले रे?
मी इतकी हसले की रेमंडनं स्टोव्हवरची कॉफी उतरवली,
वाटलं असेल, म्हातारीचं डोकं फिरलं.

"बाकीचे पाच घासून याच्याइतके करू का?" त्यानं विचारलं.
"सहा सारखे हवेत, तुम्हीच शिकवलंत."
शिकवलं खरं.
"राहू दे," मी म्हटलं.

शनिवारी त्याच्या शेडमध्ये नवं गॅस्केट.
मी स्टुलावर, मांडीवर वही.
मधून सुरुवात, मग बाहेर, आलटून पालटून,
घाई केलीस तर वाकेल.
पंचावन्न. सगळे.
पासष्ट. सगळे.
पंचाहत्तर. पान्यानं टक केलं,
चौदा वेळा.

तिसऱ्या किल्लीला ट्रक बोलला.
थोडा अडखळत, मग सलग.
मी कान लावून तिसरा सिलिंडर शोधत होते,
सापडला नाही. सहाचा एकच आवाज.
"स्वस्तातलं पेट्रोल घालू नकोस आता," मी बजावलं,
"खडखडेल."

परत जाताना त्यानं आपलं जुनं हेड आणलं.
म्हणाला, उघडं धड ठेवणं बरं दिसत नाही.
एइनोच्या गाडीवर बसवून हातानंच बोल्ट आवळले.
जड डोकं, खोल खळगे.
"कधी सुरू केलीत," तो हात पुसत म्हणाला,
"तर जरा मंद चालेल."

ताडपत्री मी ओढली.
चालेल.